लॅटिट्यूड या नावाचा आमच्या कामात काय उपयोग होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डेल कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये, लास वेगासच्या ‘सीईएस’ या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनाच्या वेळी, एक्सपीएस, इन्स्पिरॉन, लॅटिट्यूड, प्रिसिजन आणि ऑप्टिप्लेक्स ही आपल्या संगणकांची जुनी नावे बंद करून त्यांच्या जागी डेल, डेल प्रो आणि डेल प्रो मॅक्स अशी तीनच नावे आणली. पुढे एका वर्षाने, जानेवारी २०२६ मध्ये, त्याच ठिकाणी एक्सपीएस हे नाव कंपनीने परत आणले. एक्सपीएस परत आल्याचा आनंद त्याच्या चाहत्यांना झाला असेल आणि तो योग्यच आहे. परंतु लॅटिट्यूड हे नाव त्या घोषणेत नव्हते, आणि सांगलीत अठरा वर्षे लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या माझ्यासारख्याला त्याची खंत अधिक वाटते. ती का वाटते, हे आपल्या वाचकांपुढे थोडे तपशिलाने मांडण्याची परवानगी असावी.

लॅटिट्यूड हा १९९४ पासून कार्यालयांसाठी विकला जाणारा लॅपटॉप. तो दुकानाच्या काचेत मांडून ठेवलेला फारसा दिसत नसे, कारण मोठ्या कंपन्या तो शेकड्यांनी विकत किंवा भाड्याने घेत असत. तीन-चार वर्षे वापरून झाली की पुण्या-बंगळुरूच्या कार्यालयांतून ही यंत्रे एकगठ्ठा बाहेर पडतात, व्यापारी ती तपासून, पुसून, गरज असेल तिथे नवी एसएसडी (माहिती साठवण्याचा वेगवान भाग) बसवून विकतात, आणि मग ती तालुक्याच्या गावांत पोहोचतात. अभियांत्रिकीला गेलेली मुलगी, कर सल्लागाराच्या हाताखाली काम करणारा मुलगा, पतसंस्थेचा लेखनिक, ऑनलाइन अर्ज भरून देणारे केंद्र, अशा कितीतरी ठिकाणी मी ती रोज पाहतो. नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळणारे हे यंत्र मजबूत असते, त्याचा तळ साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडतो, बॅटरी बदलता येते आणि पुष्कळ मॉडेलांत रॅमही वाढवता येते. आमच्या भागातील अनेक घरांत आलेला पहिला संगणक हा दुसऱ्याने वापरून सोडलेला लॅटिट्यूड आहे, हे मी अतिशयोक्ती न करता सांगू शकतो.

या बाजारात नाव म्हणजे नुसती शोभा नसते. लॅटिट्यूडच्या पुढे येणारे चार अंक आम्ही वाचत असू. उदाहरणार्थ ‘लॅटिट्यूड ५४९०’ घ्या. पहिला ५ म्हणजे मधली श्रेणी. ३ असेल तर स्वस्त, ७ असेल तर वरची, आणि २०२० पासून ९ म्हणजे सर्वांत वरची. दुसरा ४ म्हणजे चौदा इंची पडदा. ३ असेल तर तेरा इंची, ५ असेल तर पंधरा इंची. तिसरा अंक पिढी सांगतो: ९ म्हणजे २०१८ चे यंत्र, त्यानंतर पुन्हा शून्यापासून मोजणी, म्हणजे ५४०० हे २०१९ चे, ५४१० हे २०२० चे, ५४२० हे २०२१ चे. ही रीत अगदी निर्दोष होती असे नाही. २०१० च्या सुमारास ‘ई५४१०’ नावाचेही एक यंत्र होते आणि तो ‘ई’ सांगायचा राहिला की घोटाळा होत असे. तरीही चार अंकांत श्रेणी, पडदा आणि वय या तिन्ही गोष्टी कळत, आणि त्या ज्या माणसाला संगणकातले ओ की ठो कळत नाही त्यालाही वाचून दाखवता येत.

याचा प्रत्यक्ष उपयोग किती, याचे एकच उदाहरण देतो. विंडोज १० चे नियमित पाठबळ, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. त्या वेळी महिनाभर माझ्या दुकानात एकच प्रश्न येत होता, की आमचा लॅपटॉप चालेल का? ज्यांच्याकडे लॅटिट्यूड होता त्यांना मी फोनवरच विचारत असे, की शेवटून दुसरा अंक काय आहे? ७४८० असेल तर बहुधा नाही, ७४९० असेल तर ते २०१८ चे यंत्र, त्यात बहुधा आठवी पिढी, म्हणून बहुधा होय, आणि नक्की काय ते प्रोसेसर पाहून सांगतो. जत किंवा आटपाडीहून एखाद्याने केवळ हे विचारण्यासाठी यंत्र पाठीला बांधून एसटीने सांगलीला येण्याची गरज उरत नसे. बॅटरीचे आणि कीबोर्डचेही तसेच. ‘दादा, लॅटिट्यूड ५४९० आहे,’ एवढे कानावर पडले की कोणता भाग मागवायचा ते ठरलेले असे.

आता नवी नावे पाहा. ‘डेल १४ प्लस’ हे घरगुती ग्राहकासाठी आहे आणि ‘डेल प्रो १४ प्लस’ हे कार्यालयासाठी. यंत्रे वेगळी, सुटे भाग वेगळे, आणि नावांत फरक एका शब्दाचा, तोही बोलताना सहज गळून पडणारा. ‘प्रो मॅक्स’ हे शब्द लोकांनी आयफोनमुळे ऐकलेले आहेत आणि तिथे त्यांचा अर्थ मोठ्या पडद्याचा प्रो असा होतो. डेलमध्ये मात्र तो पूर्वीच्या प्रिसिजनचा, म्हणजे अभियंते आणि चित्रफीत-संपादक वापरतात त्या वर्कस्टेशनचा, वारस आहे. त्यावर पुन्हा प्लस आणि प्रीमियम. पिढी कोणती, हे या नावात कुठेच येत नाही. ते बारीक अक्षरांतील मॉडेल क्रमांकात शोधावे लागते. २०२५ ची यंत्रे तीन-चार वर्षांनी कार्यालयांतून बाहेर पडून आमच्याकडे येतील, तेव्हा एकाच नावाची तीन-चार वर्षांची यंत्रे बाजारात शेजारी शेजारी असतील, आणि विकणारा प्रामाणिक नसेल तर घेणाऱ्याला ती वेगळी करता येणे अवघड जाईल. माझी मुख्य चिंता ही आहे.

ग्राहकाला समजायला सोपी नावे हवीत, असे कारण कंपनीने त्या वेळी दिले होते. त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. इन्स्पिरॉन आणि व्होस्ट्रो या डेलच्याच दोन नावांत फरक काय, हे मला स्वतःला ग्राहकाला कधी एका वाक्यात सांगता आले नाही. अनेक वर्षांत साचलेली नावे कमी करणे आवश्यकच होते. परंतु नावे कमी करणे वेगळे आणि ओळखीची नावे पुसून त्यांच्या जागी कोणत्याही कंपनीला लावता येतील अशी विशेषणे लावणे वेगळे. नव्या मालकाच्या हाती जाऊनही नाव कसे टिकते, हे थिंकपॅड या लॅपटॉपने दाखवले आहे. आयबीएमने १९९२ मध्ये आणलेले ते नाव २००५ मध्ये लेनोव्होकडे गेले, आणि कीबोर्डच्या मधोमध असलेल्या त्या लाल बिंदूसकट आजही चालू आहे. डेलमध्ये तर मालक बदललेला नसताना नावे गेली. एचपीनेही २०२४ मध्ये पॅव्हिलियन, एन्व्ही आणि स्पेक्टर ही नावे बाजूला सारून ऑम्निबुक हे स्वतःचेच १९९३ मधले नाव पुन्हा काढले. म्हणजे ही लाट एका कंपनीपुरती नाही.

एक्सपीएसची गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. हे नाव १९९३ पासूनचे, आरंभी टेबलावरच्या संगणकांचे. त्याचा मान वाढला तो २०१२ च्या एक्सपीएस १३ या लॅपटॉपमुळे. विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत प्रणाली घातलेली त्याची आवृत्ती कंपनीने त्याच वर्षी प्रोग्रॅमर मंडळींसाठी काढली, आणि २०१५ मध्ये पडद्याभोवतीची पट्टी जवळजवळ नाहीशी करून तिने इतरांना आपल्यामागे यायला लावले. हे नाव बंद केल्यावर वर्षभर टीका झाली, आणि कंपनीचे उपाध्यक्ष जेफ क्लार्क यांनी नावांबाबत टीकाकारांचे म्हणणे बरोबर होते हे जाहीरपणे मान्य केले. चूक कबूल करून ती दुरुस्त करणे सोपे नसते, म्हणून त्याबद्दल कंपनीचा आदरच वाटतो. परंतु एक्सपीएस घेणारा ग्राहक इंग्रजीत लिहितो, त्याचे परीक्षण जगभर वाचले जाते, त्यामुळे त्याचे म्हणणे पोहोचले. तिसऱ्या हाताने लॅटिट्यूड घेणारा विट्याचा विद्यार्थी कंपनीचा ग्राहक म्हणून कोणत्याच नोंदीत नाही. त्याच्या यंत्राचे नाव गेले, तर त्याच्या वतीने कोण बोलणार?

यावर कोणी म्हणेल की प्रत्येक डेल यंत्राच्या तळाला सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग असतो, तो कंपनीच्या संकेतस्थळावर घातला की सगळी माहिती मिळते. ते खरे आहे आणि मी रोज तेच करतो. पण त्यासाठी यंत्र समोर असावे लागते. चार वर्षे मांडीवर आणि टेबलावर घासून तळाचे लेबल पुसट झालेले असते, आणि टॅग बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन पाहायचा तर यंत्र सुरू व्हावे लागते. विकत घेण्यापूर्वी, जाहिरातीतील फोटोवरून किंवा फोनवरच्या बोलण्यावरून निर्णय करणाऱ्याला टॅगचा उपयोग नाही. त्याला नावच लागते.

म्हणून डेलच्या भारतातील कार्यालयाला आपल्या पत्राद्वारे विनंती आहे, की कार्यालयीन यंत्रांना लॅटिट्यूड हे नाव आणि त्यामागची अंकांची रीत परत द्यावी. ते शक्य नसेल तर निदान यंत्र कोणत्या वर्षाचे आहे, ते सहज पुसले न जाणाऱ्या ठळक अक्षरांत तळावर छापावे, आणि जुन्या लॅटिट्यूड मॉडेलांची माहितीपत्रके व ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) यांची पाने संकेतस्थळावरून काढू नयेत. जुने लॅपटॉप विकणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगणे आहे, की जाहिरातीत ‘डेल प्रो, उत्तम स्थिती’ एवढेच न लिहिता प्रोसेसरची पिढी आणि पूर्ण मॉडेल क्रमांक लिहावा. माझ्या दुकानाच्या फळ्यावर तसे लिहिण्यास मी या महिन्यापासून सुरुवात केली आहे.

आपला,
एक लॅपटॉप दुरुस्ती व्यावसायिक,
सांगली