‘विषभक्षक’ जिवाणू आणि आमचा बोअर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मंगळवारच्या विज्ञान पानावरचा ‘विषभक्षक जिवाणू’ हा लेख वाचून लगेच लिहायला बसलो होतो. कारखान्यांत तेल-ग्रीस धुवायला वापरायचे ते ट्रायक्लोरोइथिलीन जिवाणू खाऊन टाकतात, निसर्गच सफाई करतो, असा त्याचा सूर. सौ. म्हणाल्या, रात्री झोपा आणि सकाळी लिहा. झोपून उठलो, राग तसाच आहे.

तुमच्या लेखकांनी ट्रायक्लोरोइथिलीन कधी हुंगलेले दिसत नाही. सातपूरच्या कारखान्यात आम्ही त्याला नुसते ‘ट्रायक्लोरो’ म्हणायचो. मशिनवरचे तेलकट जॉब जाळीत घालून त्याच्या वाफेत सोडायचे, की कोरडे ठाक बाहेर. हाताचे ग्रीसही त्यातच धुवायचो. टाकीच्या तळाचा गाळ शेडमागच्या खड्ड्यात जायचा. ‘उडून जाते ते,’ हे साहेबांचे शास्त्र. एकदा गाळ काढायला वाकलेला हेल्पर झोकांड्या खात बाहेर आला, तर ‘पिऊन आला’ म्हणून त्याला मेमो दिला. त्या मेमोवर साक्षीदार म्हणून सही माझी आहे. हेच द्रव्य एकेकाळी बाळंतिणींना भूल म्हणून हुंगवत, हे मला निवृत्तीनंतर वाचायला मिळाले.

आणि उडते ते वरचे. मुरलेले पाण्याच्या जवळपास दीडपट जड असते. तेलासारखे तरंगत नाही, काळ्या कातळाच्या भेगांतून खाली उतरून बसते.

तिथे काम करतो तो डीहॅलोकॉकॉइड्स नावाचा जिवाणू. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मंडळींनी तो वेगळा करून दाखवला. तो विष ‘खात’ नाही हो! त्याचे खाणे हायड्रोजन. आपण श्वासाला ऑक्सिजन घेतो तसा तो क्लोरीनवाला रेणू घेतो आणि त्यातला एकेक क्लोरीन काढत जातो. हवा लागली की त्याचा कारभार आटोपला. त्यामुळे गोदापात्रात जिवाणूंची पावडर टाकण्याची तुमची सूचना वाचून हसावे की रडावे कळेना. त्याला हवी जमिनीखालची कोंडलेली जागा, बी-१२ जीवनसत्त्व आणि मळीसारखे काही आंबवून हायड्रोजन पुरवणारे शेजारी जिवाणू.

मुख्य गोष्ट तर लेखात गाळलीच आहे. ट्रायक्लोरोत क्लोरीन तीन. दोन निघाले की उरते व्हिनाइल क्लोराइड, म्हणजे खात्रीचे कर्करोगकारक. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोला लिटरमागे ५ मायक्रोग्रॅमची मर्यादा, याला २ ची. तिसराही निघाला तर राहते इथिलीन, ज्यावर केळी पिकवतात. पण नेमका वाण तिथे नसला किंवा खाद्य संपले, तर काम मधेच थांबते आणि खालचे पाणी आधीपेक्षा वाईट होऊन बसते. ‘निसर्गच सफाई करतो’ या तुमच्या उपमथळ्यात हे कुठे बसवायचे?

आणि तो फेसाळ नंदिनी नदीचा फोटो! फेस साबणाचा असतो. ट्रायक्लोरो दिसत नाही, तीच तर पंचाईत. शिवाय हाच फोटो तुम्ही पाणीटंचाईच्या बातमीलाही लावला होता.

त्या खड्ड्यापासून पन्नास पावलांवर बोअर होता. त्याच पाण्याचा चहा आम्ही प्यायचो. कारखाना बंद पडला, जागेवर गोदाम आले, बोअर चालूच आहे. गेल्या वर्षी तिथल्या वॉचमनच्या हातापाया पडून बाटलीभर पाणी आणले आणि एका खासगी प्रयोगशाळेत दिले. अहवाल आला: टीडीएस, कठीणपणा, कोलिफॉर्म, पिण्यास योग्य. ट्रायक्लोरोचे काय, असे विचारले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘‘काका, ते पॅकेजमध्ये नाहीये.’’

जिवाणूंचे कौतुक पुढच्या मंगळवारीही छापा. त्याखाली ट्रायक्लोरो आणि व्हिनाइल क्लोराइड ही दोन द्रव्ये तपासून देणारी नाशकातली एखादी जागा पत्त्यासह छापता आली तर बघा. बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहू द्यायचा नाही, एवढे मी आता शिकलो आहे.

आपला,
एक निवृत्त सुपरवायझर,
सिडको, नाशिक