पद्मिनीचा पत्रा: दिन्यास पत्र

मालवण,
२ डिसेंबर

प्रिय दिन्या,

"गाडी रंगवून कधी होतेय?" एवढंच विचारलंस, म्हणून हे लांबलचक पत्र. फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मध्येच "अरे, विकून टाक" म्हणून मोकळा झाला असतास.

रंगाचं नाव आत्ता काढूच नकोस. अप्पांची पद्मिनी, म्हणजे ती जुनी फियाट, मांगरासमोरच्या मांडवात स्टँडवर उभी आहे. दारं, सीटा, काचा, बंपर, दिवे सगळं उतरवलंय. ठिणग्या उडणार म्हणून पेट्रोलची टाकी काढून पार विहिरीकडे नेऊन ठेवलीय. शेजारचे काका रोज संध्याकाळी येऊन बघतात आणि "परत जोडता येईल ना रे?" असं विचारून जातात. त्यांना उत्तर नको असतं, फक्त विचारायचं असतं.

झालं असं की पावसाळा संपून महिना उलटला तरी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग ओलंच राहत होतं. उचलून पाहिलं तर खालचा नमदा पिळला तर पाणी निघेल असा. नमद्याखाली पत्रा काळा, पापुद्रे सुटलेला. स्क्रूड्रायव्हर टेकवला, जोर न लावताच तो आरपार गेला आणि खालची लाल माती दिसली. वरून मात्र गाडी अशी चकाचक की तू दिवाळीत तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढून घेतलास.

मग डेंटिंगवाल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी काही न बोलता खिशातून लोहचुंबक काढलं आणि गाडीभर फिरवलं. दाराच्या खालच्या पट्टीत चिकटेना, मागच्या चाकाच्या कमानीवर चिकटेना, दारांखालून चाकापासून चाकापर्यंत जाणाऱ्या रनिंग बोर्डला तर कुठेच चिकटेना. म्हणाले, "वरसून बरो दिसता, भाऊ, पण आतसून पत्रो पुरो कुसलो." जिथे चुंबक सुटलं तिथे पत्रा नव्हताच, लांबी होती, म्हणजे खड्डे बुजवायची पुटी. ग्राइंडर लावला तेव्हा काही ठिकाणी ती बोटभर जाड निघाली. डाव्या रनिंग बोर्डात तर लांबीच्या मागे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. त्यातला एक मी उलगडून पाहिला, राशिभविष्याचं पान होतं. मीन राशीला वाहनसौख्य होतं म्हणे. अप्पांची रास मीन!

दिन्या, आपण सगळे खाऱ्या वाऱ्याला शिव्या देतो. त्याचा वाटा आहेच, मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं आणि पत्रा वाळू देत नाही. इथली लाल माती मडगार्डच्या आत थापली जाते, तीही ओल सोडत नाही. पण गाडी सगळ्यात जास्त कुजली ती आधीच्या दुरुस्तीने. त्या गॅरेजचं नाव घेत नाही, आता ते बंदही झालंय. रनिंग बोर्ड म्हणजे आतून पोकळ डबा असतो. आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून कंपनीने त्याला खाली भोकं ठेवलेली असतात, दारांनाही असतात. काचेच्या पट्टीतलं रबर वाळलं की पाणी दारात उतरतं आणि त्या भोकांतून बाहेर पडतं. या लोकांनी कुजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा ठिगळासारखा मारला, लांबी भरली आणि भोकं बुजवून वर झकास रंग दिला. पाणी आत कोंडलं. दोन पत्र्यांच्या मध्ये गंज धरला की तो फुगतो, कारण गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. स्पॉट वेल्डिंगचे, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी केलेले जोड त्याने अक्षरशः उसवलेत. रंगाला पहिला फोड येतो तेव्हा आत सगळा कारभार आटोपलेला असतो.

म्हणून मी ठरवलंय की चांगला, पांढरा पत्रा लागेपर्यंत कापत जायचं आणि तिथून नवा जोडायचा. ठिगळ नाही. मिस्त्रींना हे आधी पटलं नाही. त्यांच्या मते "एवढा कोण बघता?" त्यांचंही बरोबर आहे, गिऱ्हाइकाला रंग दिसतो आणि पैसे रंगाचे मिळतात.

पण नुसतं कापायला घेऊन चालत नाही. जीपसारखी हिला खाली वेगळी चॅसिस नाही, पत्र्याचीच पेटी. रनिंग बोर्ड हा तिचा कणा. तो कापला की गाडी मधोमध बसते आणि मग दार जन्मात लागत नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या दारांच्या चौकटीत आधी लोखंडी अँगलचे आडवे टेके वेल्ड करून घेतले. स्टँड पुढे सस्पेन्शनखाली आणि मागे ॲक्सलखाली लावलेत, म्हणजे वजन रोजच्याच जागी पडतं. चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवलेत. एका वेळी एकच बाजू कापायची, नवा पत्रा नुसता टाचून घ्यायचा, दार लावून फटी बघायच्या, मग दार परत काढायचं. या लाव-काढीत सगळा वेळ जातो. दारांच्या बिजागऱ्यांचे स्क्रूही असे धरले होते की डिझेल सोडून रात्रभर ठेवले, वर गॅसची आच दिली, तेव्हा कुठे हलले.

वेल्डिंगवरून आमची बरीच जुंपली. मिस्त्रींचा हात गॅसवर बसलेला, आणि हात खरोखर सुरेख आहे. पण गॅसने आजूबाजूचा पत्रा फार तापतो आणि त्याला लाटा येतात. त्या लपवायला पुन्हा लांबी! शेवटी कुडाळहून सीओटूचं, म्हणजे विजेवरचं वेल्डिंग मशीन भाड्याने आणलं, त्याची आच थोड्याच जागेत राहते. एक टाका इथे, एक टाका हातभर लांब, मध्ये थंड होऊ द्यायचं. फ्लोअरला २० गेजचा सीआर पत्रा, म्हणजे मुलामा नसलेला साधा, ०.९ मिलीमीटरचा. रनिंग बोर्डच्या आतल्या पट्टीला आणि मागच्या पाटा-स्प्रिंगच्या कानाजवळ १८ गेज, तिथे सगळा भार येतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गंजत नाही म्हणून तोच मारा, असं प्रत्येक जण सांगून जातो. पण वेल्डिंग करताना त्यावरच्या जस्ताचा धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. जोडाच्या आत, जिथे नंतर ब्रश पोचणार नाही, तिथे वेल्डिंगच्या आधीच झिंक प्रायमर मारतोय. भोकं सगळी परत पाडलीत. मिस्त्री आता स्वतःच त्यांतून तार घालून बघतात.

अप्पा खुर्ची टाकून बसलेले असतात. ८४ची गाडी, नंबर लावून किती वर्षं वाट पाहिली हे तू त्यांच्याच तोंडून ऐकलंयस. ८३च्या डिसेंबरात मारुती आली तरी त्यांनी नंबर रद्द केला नाही, ते शहाणपण होतं का हा वाद आई अजून घालते. कापलेला एकही तुकडा ते भंगारात टाकू देत नाहीत. "मापाला लागेल," म्हणतात, आणि खरंच लागतो.

खरी अडचण सुट्या भागांची आहे. मुंबईत पद्मिनीच्या टॅक्सी होत्या तोवर तिचं काहीही मिळायचं. शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही गेली. आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारवाले "फियाट?" म्हणून वर-खाली बघतात. जिथे ती बनायची त्याच कुर्ल्यात!

तर आता तुझं काम. रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात जा, दुपारी नको. उजवीकडचं मागचं दार बघ. आपलं खालून इतकं गेलंय की नवा पत्रा जोडायला धड कडच उरली नाही. खिशात लोहचुंबक ठेव आणि दाराच्या खालच्या चार बोटांवर फिरव. विकणारा चिडला तर चिडू दे. दार उलटं करून भोकं बघ आणि टिचकी मार, बद्द आवाज आला तर पुढे चल. रंग कोणताही चालेल. उलट जितका जुना, सोललेला तितका बरा, नवा रंग मारलेलं दार फुकट दिलं तरी घेऊ नकोस. दारांचं रबर बीडिंग मिळालं तर चारही दारांचं घे. भाव करताना तू तोंड उघडू नकोस, वहिनींना पुढे कर.

तुझा,
बाळ्या

ता.क. दार एसटीच्या टपावर टाकून पाठवायचा विचार मनात आणू नकोस. स्वतः घेऊन ये, मागच्या सीटवर आडवं मावतं. आईने तळलेला बांगडा आणि सोलकढी कबूल केलीय.