नाना, त्या शून्याबद्दल थँक्यू

नाना, नमस्कार.

तुम्ही मोबाईल घेत नाही, त्यामुळे हे नात वाचून दाखवेल तुम्हाला, आणि मधेच तुम्ही "पुरे गो" म्हणाल हेही माहितीये. तरी तुम्हाला एकट्याला चिठ्ठी न पाठवता सगळ्यांसमोर लिहितोय कारण गाववाले मला फोन करून विचारतायत की स्मरणिकेतली ती थकबाकीदारांची यादी का गाळली, आणि प्रत्येकाला वेगवेगळं सांगून माझं तोंड दुखायला लागलंय.

झालं असं की गावातून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्यांच्या आपल्या मंडळाची स्मरणिका काढायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर माझ्याकडे लॅपटॉप आहे. मंडळाच्या डिलाईल रोडच्या खोलीतल्या माळ्यावरून वर्गणीची जुनी वही काढली, लाल कापडाची, अर्धी वाळवीने खाल्लेली. मला वाटलं फोटो काढू, चार ओळी लिहू, झालं. पण आकडे बघितले आणि डोकंच बंद पडलं. उभ्या रेघा, आडवे फराटे, आणि काही नावांच्या पुढे नुसतं गोल शून्य. मी माझ्या हुशारीने ठरवून टाकलं की शून्य म्हणजे वर्गणी दिली नाही. आणि "सुरुवातीच्या काळातले थकबाकीदार" म्हणून सत्तावीस नावांची यादी टाईप करून मोकळा झालो, गंमत म्हणून, लोक हसतील म्हणून. त्यात माझ्या आजोबांचं नाव सातवं. ते पण मी ठेवलं, वर कंसात "आमचेच" असं लिहिलं. किती शहाणा बघा.

प्रिंटरकडे जायच्या आदल्या रविवारी तुमच्याकडे आलो ते खरं तर फोटोतली माणसं ओळखून घ्यायला. तुम्ही फोटो बाजूला ठेवलात, यादी हातात घेतलीत, चष्मा कपाळावर सरकवलात आणि म्हणालात, "मेल्या, ह्या छापलंस तर तुझो आजो वरसून खाली येतलो."

मग सांगितलंत. "शून्य नाय ता. गप रवाची खूण ती."

बदली कामगार. म्हणजे नोकरी आहे पण नाही. सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं, कायम माणूस आला नाही तर आत घेणार, आला तर परत खोलीवर. महिन्यात कधी वीस दिवस काम, कधी पाच. अशा माणसाकडे त्या महिन्यात वर्गणी मागायची नाही, आणि मागायची नाही हे कोणी बोलायचंही नाही, म्हणून वहीत नुसतं शून्य. खजिनदार बदलला तरी नव्याला कळावं की याला विचारू नको. आणि मी त्याचीच यादी करून छापायला निघालो होतो. नाना, त्या दिवशी तुम्ही दिलेला चहा मला गिळवला नाही, तुम्हाला वाटलं साखर कमी झाली.

त्यानंतरचे तीन रविवार मी तुमच्याकडे पडीक होतो आणि खरी स्मरणिका तिथे झाली. आधी आकडे शिकवलेत. एक उभी रेघ म्हणजे पावली म्हणजे चार आणे, दोन रेघा आठ आणे, तीन बारा. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैचा आणा. माझ्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, यापेक्षा कोडिंग सोपं आहे. आणि 1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले तेव्हाचं ते भांडण! वर्गणी सहा आणे, त्याचे होतात साडेसदतीस नवे पैसे, आता अर्धा पैसा आणायचा कुठून. दोन सभा त्याच्यावर गेल्या. एक गट म्हणे सदतीस, दुसरा अडतीस, आणि शेवटी चाळीस करून वरचे अडीच पैसे गॅसबत्तीच्या मेंटलच्या नावाने लावले. सभेत तुम्ही सदतीसवाले होतात हे मी लिहिलंय, सॉरी.

खोलीचं तुम्ही सांगितलंत ते मला आजोबांनी कधीच सांगितलं नव्हतं. 1955 साली तुम्ही सतरा वर्षांचे, विजयदुर्गाला बोट धरून भाऊच्या धक्क्यावर उतरलात, हातात पत्र्याची ट्रंक आणि एका चिठोऱ्यावर चाळीचं नाव. दहा बाय बाराची खोली आणि पटावर अडतीस माणसं. आताच्या पोरांना ऐकून वाटतं अडतीस माणसं एकत्र कशी झोपायची, तर एकत्र झोपायचीच नाहीत ना. पहिली पाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, तिसरी बारा ते सात. एक उठला की दुसरा त्याच जागेवर पडायचा, उरलेले गॅलरीत, गच्चीवर, आणि उन्हाळ्यात सरळ फुटपाथवर. खोलीत प्रत्येकाची स्वतःची अशी जागा म्हणजे भिंतीवरचा एक खिळा आणि फळीवर ट्रंकेपुरती जागा. खिळ्यावरून पण भांडणं झालीत, वहीत नोंद आहे.

आणि यालाच लोक मंडळ म्हणायचे. मी तुम्हाला विचारलं की मंडळाचा उद्देश काय होता, स्मरणिकेत एक कॉलम असतो तसा. तुम्ही म्हणालात, "झोपूक जागा आणि मेल्यावर चार खांदे." मी तेच जसंच्या तसं घातलंय. समितीतल्या एकाने त्याऐवजी सामाजिक, सांस्कृतिक आणि शैक्षणिक उन्नती असं सुचवलं होतं. मी ऐकलं नाही.

तसं उन्नती वगैरे पण झालीच म्हणा. पावसाळ्यात बोटी बंद, गावाला जायची सोय नाही, तेव्हा खोलीत भजनं, एक पखवाज आणि पाच जोड टाळ एवढ्यावर. मग दशावतार बसवला आणि परळच्या दामोदर हॉलला प्रयोग लावून तिकिटं खपवली, त्या पैशातून गावच्या शाळेची कौलं आली. हे मला भारी वाटलं कारण दामोदर हॉल सोशल सर्व्हिस लीगचा, ती लीग कामगार पुढारी ना. म. जोशींनी 1911 साली काढलेली, आणि आपल्या डिलाईल रोडचं आताचं नाव ना. म. जोशी मार्ग. इतकी वर्षं बसची पाटी बघतोय, कधी विचार केला नाही हा माणूस कोण.

पण नाना, माझे सगळ्यात जास्त आभार ज्यासाठी आहेत ते हे नाही. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, किती छान ना, अख्खा गाव एका खोलीत. तुम्ही गप्प बसलात आणि मग म्हणालात, अख्खा नव्हता. आपल्याच गावच्या खालच्या वाडीतली माणसं त्याच गिरणीत होती पण त्यांची खोली वेगळी, बीडीडी चाळीत, आणि मंडळाच्या वहीत त्यांचं एकही नाव नाही. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, तर त्यांना घेतच नसत, कारण धोट्यातला, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या नळीतला, धागा तोंडाने ओढून काढावा लागायचा आणि त्यांचा उष्टा धोटा आपल्याला नको. पगार साचेखात्यात जास्त, म्हणजे नुकसान नुसतं मानाचं नाही. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न काढला होता, हे मी पुस्तकात वाचलेलं, पण धोटा तोंडाला लावणारा माणूस समोर बसून सांगतोय, "आमी पण गपच होतो", हे वेगळंच. तेही छापलंय, तुमच्या शब्दांत. समितीत दोघं नाराज आहेत. राहू देत.

आणि खानावळवाली मावशी. वहीत तिच्या नावाने फक्त "खाना." असं लिहिलंय, नाव नाही. बायकांना खोलीत मुक्काम नाही, मंडळात सभासद नाही, पण अडतीस माणसांचं पोट तिच्या दोन स्टोव्हवर. सोमवारी शाकाहारी, बाकी दिवस बांगड्याचं तिखलं नाहीतर सुकटीची आमटी. तुम्ही सांगितलंत की शून्यवाल्यांची ताटं तिने कधी मोजली नाहीत, आणि मंडळाने वर्गणी माफ केली त्याचं कौतुक करायचं तर आधी तिचं करा, कारण वर्गणी होती सहा आणे आणि महिन्याचं जेवण त्याच्या कितीतरी पट. पुढे 1975 ला प्रेमा पुरव यांनी अशाच गिरणगावातल्या खानावळवाल्यांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा कुठे या बायकांना बँकेचं कर्ज बघायला मिळालं. आपली मावशी तोवर गावी परत गेली होती. तिचं नाव तुम्हाला शेवटी आठवलं, रात्री साडेदहाला मुलाच्या फोनवरून मला फोन केलात फक्त तेवढ्यासाठी. पहिल्या पानावर आहे ते, अध्यक्षांच्या मनोगताच्या आधी.

1982 च्या संपाचं मी दोन ओळींत आटोपलं. तुम्ही त्याच्यावर बोलायला नको म्हणालात, 18 जानेवारीला बाहेर पडलो ते परत आत गेलोच नाही एवढंच सांगितलंत, म्हणून मी पण तेवढंच लिहिलं.

एका गोष्टीत मात्र तुमचं ऐकलेलं नाही. तुम्ही म्हणालात ऋणनिर्देशात माझं नाव नको, "माझ्या नावाफुडे पण तीन म्हयने शून्य असा, बघलंस काय?" बघितलंय. 1958 चा जून, जुलै, ऑगस्ट. त्याच तीन महिन्यांत माझ्या आजोबांच्या नावापुढे चाळीस पैशांच्या जागी ऐंशी पैसे आहेत, म्हणजे तेव्हाच्या वर्गणीच्या बरोबर दुप्पट. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, मला हिशोब वाचता यायला लागल्यावर मलाच दिसलं. योगायोग असेल तर रविवारी सांगा.

रविवारी चार प्रती घेऊन येतोय, मोठ्या अक्षरातली एक वेगळी काढलीये तुमच्यासाठी. वही पण परत आणतो, प्लास्टिकच्या कव्हरात घातलीये. बाजारात सुकट चांगली मिळाली तर ती पण आणेन, वहिनींना सांगून ठेवा.

तुमचा,
सातव्या नंबरचा नातू