अण्णांची वही त्यांच्याकडेच राहू दे

मँचेस्टर,
१२ नोव्हेंबर

चि. संतोष आणि सौ. अश्विनी यांस अनेक आशीर्वाद.

अण्णांचे मिरजेचे रिपोर्ट मिळाले. डॉक्टरांनी माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, म्हणजे एमसीआय, लिहिलंय. हा डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, नव्हे. यात स्मरणशक्ती वयाच्या मानाने कमी भरते, पण माणूस रोजची कामं आपली आपण करू शकतो. काहींचं पुढे डिमेन्शियात रूपांतर होतं, काही वर्षानुवर्षं आहेत तिथेच राहतात आणि काहींची चाचणी पुढच्या खेपेला नॉर्मलही येते. आईला हे नीट समजावून सांगा, ती उगाच धास्तावलीय.

संतोष, तू गोळीचं विचारलंस. स्मरणशक्ती वाढवणारी खात्रीची गोळी एमसीआयसाठी इथेही नाही. अल्झायमरच्या सुरुवातीसाठी शिरेतून द्यायची औषधं हल्ली निघालीत, पण ती खास तपासण्या करून निवडक रुग्णांनाच देतात आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना, यावर सतत लक्ष ठेवावं लागतं. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१८ मध्ये एमसीआयवरचे अभ्यास तपासले, तेव्हा शिफारस केली ती आठवड्यातून दोनदा व्यायामाची. तेव्हा अण्णांचं आमराईत फिरणं बंद करू नका. त्यांना एकटं पाठवायला नको वाटत असेल तर शेजारच्या काकांना बरोबर घ्या, पण थोडा दम लागेल असं चालू दे.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. अश्विनी, त्यांना त्रास नको म्हणून तू किराण्याची यादी, लाइट बिल, दूधवाल्याचा हिशोब सगळं स्वतःकडे घेतलंस. तुझी माया मला कळते गं. पण हिशोबाची ती वही त्यांना परत दे.

तू मोबाइलवर त्यांना कोडी सोडवायला बसवतेस, त्याला माझी ना नाही. पण अमेरिकेत २८३२ ज्येष्ठांवर एक मोठा प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. कुणाला स्मरणशक्तीचा सराव दिला, कुणाला तर्काचा, कुणाला झटपट ओळखण्याचा. ज्याने ज्याचा सराव केला त्याचं तेच सुधारलं. दोन वर्षांनी पाहिलं तर रोजच्या कामांत मात्र फरक दिसला नाही. कोडी सोडवून अण्णा कोडी सोडवण्यात तरबेज होतील. आपल्याला हवंय ते बिल वेळेवर भरणं आणि बीपीची गोळी न चुकणं. मग सराव त्याचाच द्यायला हवा. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर जन्मभर रोजकीर्द लिहिलेला माणूस आहे तो! रोज संध्याकाळी त्याच जागी बसून, त्याच पेनाने दिवसाचा खर्च लिहू दे. बेरीज चुकली तर तू पुढे होऊन करू नकोस, शेजारी बस, ते पुन्हा करतील. मोठ्या रकमा आणि बँकेचे ओटीपी मात्र संतोष, तुझ्याकडेच ठेव.

मी क्लिनिकमध्ये रोज वापरते ती एक रीत सांगते. समजा, नवीन गोळीचा डबा फ्रिजवर ठेवलाय. त्यांना सांगा, “गोळी फ्रिजवर.” लगेच विचारा, गोळी कुठे? मग अर्ध्या मिनिटाने विचारा, मग एका, दोन, चार, आठ मिनिटांनी. मधे गप्पा चालू ठेवा. उत्तर चुकलं तर “आठवून बघा ना” म्हणून ताणायचं नाही. बरोबर उत्तर लगेच सांगायचं आणि आधीच्या अंतरावर परत यायचं. अंदाजाने दिलेलं चुकीचं उत्तरच कधीकधी डोक्यात बसतं, म्हणून हे जपायचं.

नातवंडं “आजोबा, आज वार कोणता?” असं पाहुण्यांसमोर विचारतात, ते आधी थांबवा. इथे सौम्य ते मध्यम डिमेन्शिया असलेल्यांचे गट भरतात, आठवड्यातून दोनदा, सात आठवडे. अण्णांसाठी ते नाहीत, पण तिथली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे परीक्षा घेत नाहीत, मत विचारतात. अण्णांना विचारा, २००५ चा पूर मोठा की २०१९ चा? सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, हे ते झोपेतही सांगतील. पुढचा तासभर तुम्ही नुसतं ऐका. रविवारी मेंढीकोटचा डाव मांडा.

फिनलंडमध्ये १२६० जणांपैकी निम्म्यांवर दोन वर्षं आहार, व्यायाम, मेंदूचा सराव आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र करून पाहिलं. २०१५ च्या निष्कर्षांत त्यांच्या चाचण्या इतरांपेक्षा सुधारल्या होत्या. ती माणसं धोका जास्त असलेली होती, सरसकट एमसीआयची नव्हेत. तरी यात अण्णांचं नुकसान होण्यासारखं काही नाही. बीपीची नोंद त्याच वहीत ठेवा.

आणि कान! टीव्हीचा आवाज किती मोठा असतो, हे मला फोनवरून ऐकू येतं. नीट ऐकूच आलं नाही, तर लक्षात काय राहणार? या महिन्यात कानांची तपासणी कराच, आणि मशीन लागलं तर ते कपाटात पडणार नाही हे आईने बघावं. बी-१२ आणि थायरॉइडचे आकडे रिपोर्टमध्ये दिसले नाहीत, ते करून घ्या. झोपेची गोळी अजून चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांनीही विसरभोळेपणा वाढतो. स्वतःहून मात्र एकदम बंद करू नका.

तपासणीची तारीख ठरली की कळव. शनिवारी व्हिडिओ कॉल करते, तेव्हा आधी अण्णांकडे फोन दे. महिन्याचा खर्च त्यांच्याच तोंडून ऐकायचाय.

आईला नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमची,
ताई