वृद्धाश्रमातल्या फ्लूच्या लसीची नोंद नावानिशी ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मिरजेची. सरकारी रुग्णालयात ३१ वर्षं परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. गेली चार वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी एका वृद्धाश्रमात जाते. रक्तदाब बघणं, जखमा बांधणं, आठवड्याच्या गोळ्यांचे डबे भरणं, नखं काढणं अशी कामं करते. त्या कामातली एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या ऑगस्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या एक आजी दोन दिवस जेवेनात. ताप नव्हता, खोकलाही जेमतेम. पण बोलणं असंबद्ध झालं आणि मला त्या आपल्या जावेच्या नावानं हाक मारू लागल्या. म्हातारपणी फ्लू पुष्कळदा असाच येतो. कणकण नाही, नाक गळत नाही, नुसतं अन्न तुटतं आणि माणूस भ्रमिष्टासारखं करतं. रुग्णालयात नेल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "सिस्टर, यांना या वर्षी फ्लूची लस दिली आहे का?" मी म्हटलं, "हो, मे महिन्यात शिबिर झालं होतं." ते म्हणाले, "शिबिराचं नाही विचारत. यांना दिली का?"

मला सांगता आलं नाही. मी, जिनं आयुष्यभर केसपेपरवर वेळ आणि सही लिहिल्याशिवाय साधी पॅरासिटॅमॉल कुणाला दिली नाही.

लस घेतली होती की नव्हती यावर त्या रात्रीचे उपचार अडले नाहीत. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो हे डॉक्टरांना माहीत असतंच. पण मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन वही काढली. त्यात एकच ओळ होती : "फ्लू लसीकरण शिबिर. लाभार्थी ३८." सोबत फोटो, त्यात बॅनर आणि पाहुणे. नावांची यादी कुठेच नव्हती. तेव्हा आश्रमात ४६ जण होते, म्हणजे आठ जण राहिले. कोण आठ, हे शोधायला मला तीन आठवडे लागले. एकेकाच्या खाटेपाशी बसून विचारलं, आयांना विचारलं, फोटोतले चेहरे जुळवले. पाच जण वरच्या मजल्यावरचे, अंथरुणाला खिळलेले. शिबिर खालच्या हॉलमध्ये होतं, लिफ्ट नाही, त्यांना कुणी खाली आणलं नाही आणि लस घेऊन वर कुणी गेलं नाही. आमच्या आजी त्या पाचांतल्याच. एक काका त्या दिवशी लेकीकडे गेले होते. एकांनी नको म्हटलं होतं. आठवं माणूस कोण, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आजी अकरा दिवसांनी परत आल्या. पण वॉकर धरून संडासापर्यंत जायच्या, ते चालणं गेलं ते गेलंच.

शिबिर घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. ही लस विकत घ्यावी लागते आणि स्वस्त नाही. ३८ माणसांना ती मिळाली हे त्यांचं मोठं काम आहे. पण नुसत्या आकड्यात ज्यांना मिळाली ते दिसतात, राहिलेले दिसत नाहीत. आणि राहतात ते बहुतेक सगळ्यात अशक्त असलेलेच, कारण त्यांना स्वतःहून रांगेत येता येत नाही.

कोविडच्या वेळी आपण हे नीट केलं होतं. प्रत्येकाच्या नावाचं प्रमाणपत्र होतं, त्यावर लस कोणती, कोणत्या तारखेला, सगळं होतं. वृद्धाश्रमातल्या ज्यांच्याकडे आधार वा दुसरं ओळखपत्र नव्हतं, त्यांचीही नोंद व्हावी म्हणून केंद्र सरकारनं मे २०२१ मध्ये वेगळी पद्धत घालून दिली होती. मग फ्लूच्या लसीलाच नाव का नको?

माझी भाची अमेरिकेत, न्यू जर्सीत, एका नर्सिंग होममध्ये परिचारिका आहे. तिकडे नर्सिंग होम म्हणजे आपल्यासारखं खासगी रुग्णालय नव्हे, तर मुख्यतः म्हाताऱ्या माणसांना ठेवून त्यांची शुश्रूषा करणारी जागा. तिच्याशी फोनवर बोलले. तिकडे २००५ पासून नियमच आहे की सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमनं राहणाऱ्या प्रत्येकाला फ्लूची आणि न्यूमोनियाची लस देऊ करायची, तिचे फायदे-त्रास समजावून सांगायचे, नाही म्हणण्याचा हक्क मानायचा आणि हे सगळं त्या व्यक्तीच्या कागदांत लिहायचं. लस दिली नसेल तर कारण ठरलेल्या यादीतून निवडायचं : हंगामात इथे नव्हते, बाहेर घेतली, वैद्यकीय कारणानं देता येत नाही, लसीचा तुटवडा. त्या यादीत "देऊ केली, नाकारली" हे एक कारण आहे आणि "देऊ केलीच नाही" हे दुसरं. हे ऐकून मी फोन हातात धरून गप्पच बसले. आमचे वरच्या मजल्यावरचे पाच जण त्या दुसऱ्या कारणातले होते, आणि ते लिहायला आमच्या वहीत जागाच नव्हती.

या वर्षी दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि हातानं रकाने आखले. आधी सगळ्यांची नावं लिहिली, शिबिराला कोण येईल याची वाट न बघता. नावापुढे लसीचं नाव, बॅच नंबर, मुदत, तारीख, कुठल्या दंडावर, टोचणाऱ्याची सही. नसेल दिली तर कारण आणि पुन्हा कधी विचारायचं ती तारीख. लस कोणत्या हंगामाची हेही खोक्यावरून उतरवून घेते, कारण जागतिक आरोग्य संघटना लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये ठरवते, आणि मागच्या वर्षीची लस या वर्षाला धरता येत नाही. अमेरिकेत हंगाम थंडीचा. आपल्याकडे फ्लू पावसाबरोबर वाढतो आणि टोचल्यावर संरक्षण यायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून आम्ही मे महिन्यातच उरकतो. शेवटची दोन पानं आया, स्वयंपाकीण आणि वॉचमन यांची. म्हाताऱ्या शरीरात लस तरुणांइतकी काम करत नाही, तेव्हा त्यांना भरवणाऱ्या, उचलणाऱ्या माणसांनीही ती घेतलेली बरी.

संमतीचा रकाना भरताना मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. एका मावशींच्या मुलानं फोनवर सांगितलं, "आईला काही टोचू नका." मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दंड माझा आहे, द्या." त्यांची बुद्धी शाबूत आहे, म्हणून सही त्यांचीच घेतली. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे त्यांच्याबाबत जवळच्या नातेवाइकाला विचारतो आणि कुणी, कधी हो म्हटलं ते लिहितो. एसटीतून निवृत्त झालेले एक अण्णा म्हणतात, टोचल्यानंच फ्लू होतो. या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे फ्लू होत नाही, फार तर दंड दुखतो, एखादा दिवस अंग दुखतं, हे त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा नको म्हणाले. दोन्ही वेळा तारीख घालून लिहिलं. तो त्यांचा हक्क आहे.

सामाजिक न्याय विभाग आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की वृद्धाश्रमाच्या तपासणीत किराणा आणि देणग्यांच्या वह्यांबरोबर हे रजिस्टरही मागावं. शिबिर घेणाऱ्या मंडळांनी आश्रमाकडे आधी पटावरची सगळी नावं मागावीत आणि डॉक्टरांना वरच्या मजल्यावर न्यावं. ज्यांचे आई-वडील अशा ठिकाणी आहेत त्यांनी भेटायला जाताना त्यांचं पान दाखवा म्हणावं, आणि रुग्णालयात न्यायची वेळ आली तर त्या पानाची प्रत सोबत द्यायला सांगावं.

या वर्षी आमच्या यादीत ४४ नावं आहेत. ३९ जणांपुढे तारीख आहे, पाच जणांपुढे कारण. त्या पाचांतल्या एक आजी तेव्हा तापात होत्या म्हणून लस पुढे ढकलली. आता त्या बऱ्या आहेत, शुक्रवारी त्यांना विचारायचं आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज