एकाच मुलाची गोष्ट सात टेबलांवर

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात पहिल्या पानावर समन्वयाच्या बैठकीची बातमी वाचली. आरोग्य, शिक्षण, महिला व बालविकास, समाजकल्याण अशी सगळी खाती मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी एकत्र काम करणार, हे वाचून बरे वाटायला हवे होते. मला राग आला. रात्रभर तो उतरला नाही, म्हणून सकाळचा चहा होताच लिहायला बसले आहे. पत्र लांबले तर काटछाट करा, पण मुलाबद्दल जे लिहिले आहे ते कापू नका, ही विनंती.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत ३१ वर्षे शिकवून निवृत्त झाले. माझे धाकटे दीर तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांनी आपले जीवन स्वतः संपवले. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या तेव्हापासून त्यांचा ट्रक घरामागे फणसाखाली उभा होता. बँकेचे हप्ते होते, दारू होती, आणखीही काही असेल. यातल्या एकाच गोष्टीवर बोट ठेवून ‘हे कारण’ असे मी सांगणार नाही, आणि दुसऱ्या कोणी सांगितले तर ऐकूनही घेणार नाही. मागे जाऊ राहिली आणि नऊ वर्षांचा मुलगा. तो आता बारा वर्षांचा आहे, सातवीत.

पहिले काही महिने तो रडला नाही. मग अंथरूण ओले होऊ लागले. न्हाणीघरात एकटा जाईना. वर्गात बाकावर डोके टेकून बसायचा. नखे इतकी कुरतडायचा की बोटांतून रक्त यायचे. जाऊ काजूच्या कारखान्यात कामाला जाते. एक दिवस चुकला की त्या दिवसाची मजुरी गेली. मी घरी होते, म्हणून त्याला घेऊन फिरण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिल्या भेटल्या त्या त्याच्या शाळेत येणाऱ्या समुपदेशक. तरुण मुलगी. तीन शाळा सांभाळायच्या, आमच्याकडे आठवड्यातून एकदा यायच्या. त्यांनी त्याला मांडीवर पाटी देऊन चित्र काढायला लावले आणि तासभर काहीही विचारले नाही. त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पण त्यांनी चिठ्ठी दिली ती आरोग्य केंद्राची. तिथे ‘काय झाले’ हे मी पहिल्यापासून सांगितले. तिथून पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी, दोन बसगाड्या बदलून. तिथे नोंदणी करणाऱ्याला सांगितले, मग डॉक्टरांना सांगितले. तीन महिन्यांनी डॉक्टर बदलले, नव्यांना पुन्हा सांगितले. विधवा पेन्शनच्या कामासाठी एका कार्यालयात सांगितले. दर ठिकाणी मूल माझ्या शेजारी स्टुलावर, आणि समोरचा माणूस विचारतो, “वडील कसे वारले?”

सातवे टेबल आणखी एका कार्यालयातले होते. पंखा फिरत होता, खिडकीशी चार माणसे उभी होती. साहेबांनी तोच प्रश्न विचारला. मी तोंड उघडणार एवढ्यात पोराने माझा पदर ओढला. म्हणाला, “काकी, आतां हांव सांगतां.”

आणि त्याने सांगितले. वार, वेळ, आधी कोणी पाहिले, आई कशी पडली, दार कोणी तोडले. माझेच शब्द, माझ्याच क्रमाने. एका ठिकाणी माझा आवाज नेहमी अडकायचा, तिथे तोही थांबला आणि पुढे गेला. दोन्ही हात सरळ खाली, नजर समोरच्या भिंतीवर. ३१ वर्षे मी मुलांकडून कविता पाठ करून घेतल्या. पाठांतर कसे ऐकू येते ते मला कोणी शिकवायला नको. आपल्या बापाचे मरण त्या पोराला तोंडपाठ झाले होते, आणि ते आम्ही करून घेतले होते. साहेबांनी भराभर लिहून घेतले. वर मान करून म्हणाले, “हुशार आहे हो मुलगा.”

संपादक महाशय, तो माणूस वाईट नव्हता. त्याने आम्हाला पाणी विचारले होते. मागच्या सहा टेबलांवर हेच लिहून झाले आहे, हे त्याला कळायला काही मार्गच नव्हता. कागद सगळीकडे होते, पण एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर कधी गेला नाही. गेला तो फक्त मुलगा.

दुसरी गोष्ट पैशांची. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत विधवा आईजवळ राहणाऱ्या गरजू मुलाला दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. ग्रामीण भागासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये आहे आणि काजूचे काम बारा महिने नसते, त्यामुळे जाऊ त्यात बसते. हे आम्हाला कोणी सांगितले? रुग्णालयाच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईने. दीर गेल्यानंतर तब्बल १४ महिन्यांनी. तोवर कोणत्याही टेबलावरच्या माणसाने तोंड उघडले नव्हते, कारण डॉक्टरांचे काम गोळीचे, पेन्शनवाल्यांचे पेन्शनचे, शाळेचे हजेरीचे. आई मजुरी बुडवून येऊ शकत नाही म्हणून मुलाच्या उपचाराच्या दोन तारखा चुकल्या. कागदावर मात्र कोणीतरी लिहिले, ‘पालक सहकार्य करत नाहीत.’ तो शेरा मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचला आहे.

बैठकीच्या बातमीत असे दाखवले आहे, जणू समन्वय ही आत्ताच सुचलेली कल्पना आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्याचे कलम ३२ काढून वाचा. आरोग्य, शिक्षण, गृह, सामाजिक न्याय, महिला व बालविकास या खात्यांमध्ये परिणामकारक समन्वय ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे तिथे लिहिले आहे. कलम १८ मध्ये मुलांसाठीच्या सेवांचा वेगळा उल्लेख आहे, आणि त्या घराजवळ मिळाव्यात, लांबचा प्रवास करावा लागू नये, हेही आहे. गोव्याने २००३ मध्येच मुलांसाठी स्वतःचा कायदा केला. हे एवढेसे राज्य, बारा तालुके. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन माणूस रात्री घरी जेवायला येतो. इथे जमणार नसेल तर कुठे जमेल?

बरे, इथे काही जमलेच नाही असेही नाही. साध्या, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांना आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवून नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना मदत करता येते, हे ‘संगत’ संस्थेच्या मंडळींनी गोव्यातच करून दाखवले. २०१० मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तो अभ्यास मोठ्या माणसांचा होता, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या ओळखीचा, आपल्या भाषेत बोलणारा एक माणूस जवळच्या केंद्रात बसलेला असला की काय होते, ते त्यातून दिसले. आमच्या पोराला तोच हवा होता. शाळेतल्या त्या तरुण समुपदेशकांची बदली झाली तेव्हा तो दोन महिने दर बुधवारी विचारायचा, “बाई केन्ना येतल्यो?” नव्या आलेल्यांना आधीचे काहीच कळवलेले नव्हते. त्यांनी पहिल्या दिवशी त्याला विचारले, वडील काय करतात?

मला मोठी योजना नको. तान्ह्या मुलाचे लसीकरणाचे कार्ड आठवा. डोस साखळीला घ्या की वाळपईला, नर्स कार्ड उघडते आणि पुढचा डोस कोणता ते तिला दिसते. आईला विचारत बसत नाही. तसे एक कार्ड या मुलांसाठी का होऊ शकत नाही? त्यावर सगळी कहाणी नको. ती गुप्तच राहिली पाहिजे, कायद्यातही तो हक्क आहे. कोणाकडे काय चालू आहे, कोणत्या मदतीला मूल पात्र आहे आणि ‘घटनेबद्दल मुलाला पुन्हा विचारू नये’ हे एक वाक्य, एवढे पुरे. आणि प्रत्येक तालुक्यात एक माणूस, ज्याला मुलाचे नाव घेऊन फोन करता येईल. बारा माणसे. बैठकीच्या छायाचित्रात मी मोजली, ती चौदा होती.

शिक्षिका म्हणून एक कबुलीही द्यायची आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. त्यात गोवा नव्हता, पण हिशेब केला तर चाळीसच्या वर्गात तिघे होतात. माझ्या वर्गातली मुले त्याहून लहान, तरी बाकावर डोके टेकणारी तीही होती. त्यांना मी ‘आळशी’ म्हणून उभे केले आहे. काहींची नावे अजून आठवतात.

जाता जाता आपल्या वर्तमानपत्राबद्दल. दीर गेले तेव्हा आपण चौकटीत बातमी छापली. वाड्याचे नाव, ट्रकचा धंदा, कसे केले त्याचे वर्णन, आणि शेवटी ‘पश्चात पत्नी व चौथीत शिकणारा मुलगा’. ते कात्रण एका मुलाने शाळेत आणले होते. प्रेस कौन्सिलने आत्महत्येच्या बातम्यांसाठी २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्या आपल्या कार्यालयात असतीलच. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका घरातल्या मुलाची इयत्ता आणि वाडा आपण पुन्हा छापला. समन्वयाचा अग्रलेख लिहिण्याआधी एवढे थांबवा. अशा बातमीखाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन क्रमांक छापायला दोन ओळी लागतात.

येत्या मंगळवारी आम्हाला आठव्या टेबलावर बोलावले आहे. पत्रात ‘मुलाला सोबत आणावे’ असे लिहिले आहे. मंगळवारी त्याच्या शाळेत खेळाचा तास असतो. तो शाळेत जाईल. कागद घेऊन मी एकटी जाणार आहे.

माझे नाव आणि गाव कृपया छापू नये.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
डिचोली तालुका