पाणी उकळल्याने शिसे जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील शहरांविषयी मराठी वृत्तपत्रांत व्हिसा, निवडणुका आणि गोळीबार यांच्या बातम्या नियमितपणे येतात आणि त्या यायलाच हव्यात. मात्र तिथे राहणाऱ्या माणसाचे रोजचे जगणे ज्या प्रश्नांनी घडते, ते क्वचितच वाचायला मिळतात. मी बरीच वर्षे शिकागो शहरात राहते. या शहरातील नळाच्या पाण्यात उतरणाऱ्या शिशाचा प्रश्न आपल्या वाचकांपुढे मांडावा असे मला कळकळीने वाटते. प्रश्न शिकागोचा असला तरी तो आता वॉशिंग्टनमध्ये आणि न्यायालयातही जाऊन पोहोचला आहे. शिवाय नातवंडांच्या जन्माच्या निमित्ताने महाराष्ट्रातून इथे येणाऱ्या आजी-आजोबांशीही त्याचा थेट संबंध आहे.

शिकागोचे पाणी मिशिगन सरोवरातून येते. सरोवराकाठच्या नेव्ही पिअर या धक्क्याशेजारी असलेले जार्डिन शुद्धीकरण केंद्र जगातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक आहे आणि तिथून बाहेर पडणाऱ्या पाण्याला नाव ठेवायला जागा नाही. शिसे मिसळते ते अगदी शेवटच्या टप्प्यात, म्हणजे रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिनीपासून घराच्या तळघरातील झडपेपर्यंत येणाऱ्या लहानशा जोडनळीत. अशा शिशाच्या किंवा शिशाचा संशय असलेल्या जोडनळ्या या शहरात चार लाखांहून अधिक आहेत. अमेरिकेतील दुसऱ्या कोणत्याही शहरात इतक्या नाहीत. याचे कारण असे की, इतर अनेक शहरांनी शिसे सोडून दिल्यानंतरही शिकागोच्या नियमावलीत लहान घरांना शिशाचीच जोडनळी घालण्याची सक्ती होती आणि १९८६ साली केंद्र सरकारने देशभर बंदी घातली तेव्हाच ती संपली. घर बांधणाऱ्याला दुसरी नळी निवडण्याची मुभाच नव्हती, ही गोष्ट या संपूर्ण वादात मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तीच नळी बदलण्याचा खर्च आज घरमालकाच्या माथी मारला जातो. एका घराची पूर्ण जोडनळी बदलायला पंधरा ते तीस हजार डॉलर लागतात. महापालिका परवान्याचे शुल्क माफ करते आणि कमी उत्पन्नाच्या काही कुटुंबांना नळी विनामूल्य बदलून देते. मधल्या उत्पन्नाच्या माणसाला मात्र आपल्या पाळीची वाट पाहत बसण्यावाचून गत्यंतर नाही.

शहराच्या मध्यभागी उंच इमारतीत राहणाऱ्यांना किंवा नेपरव्हिल, शॉमबर्ग यांसारख्या उपनगरांतील नव्या घरांत राहणाऱ्यांना या प्रश्नाची झळ सहसा लागत नाही, कारण मोठ्या इमारतींना लागणारी जाड नळी शिशाची नसते आणि १९८६ नंतरच्या घरांत शिशाची जोडनळी घालताच येत नव्हती. आपल्याकडील बरीच कुटुंबे या दोन प्रकारच्या घरांत राहतात आणि म्हणूनच मंडळाच्या कार्यक्रमांत हा विषय निघत नसावा. परंतु शिकागोची खरी वस्ती विटांच्या बंगल्यांत आणि ज्यांना इथे ‘टू-फ्लॅट’ म्हणतात त्या दुमजली घरांत आहे. नुकतीच नोकरी लागलेली किंवा विद्यापीठात शिकणारी आपली मुलेही अशाच घरांचा वरचा मजला भाड्याने घेतात. भाडेकरूला जोडनळी बदलण्याचा अधिकार नसतो आणि ती कशाची आहे हे त्याला पुष्कळदा ठाऊकही नसते. केंद्र सरकारच्या नियमानुसार शहरातील सुमारे नऊ लाख घरमालकांना आणि भाडेकरूंना नोव्हेंबर २०२४ पर्यंत पत्राने सूचना मिळायला हवी होती. मुदत उलटून कित्येक महिने गेल्यावरही त्यांतील फार थोड्यांना ती मिळाल्याचे इथल्या पत्रकारांनी उघडकीस आणले.

महापालिका पाण्यात फॉस्फेट मिसळते. त्याने नळीच्या आतल्या बाजूला एक पातळ थर धरतो आणि शिसे पाण्यात उतरणे कमी होते. तो थर टिकावा यासाठी नळीला धक्का लागता कामा नये, आणि शहरात तर गेली अनेक वर्षे नेमके धक्का लागण्याचेच काम चालू आहे. महापौर राम इमॅन्युएल यांच्या काळात, २०१२ पासून, शंभर वर्षे जुन्या मुख्य जलवाहिन्या बदलण्याची मोठी योजना सुरू झाली आणि तिच्यासाठी पाणीपट्टी चार वर्षांत जवळपास दुप्पट करण्यात आली. रस्ते खोदले गेले, नव्या वाहिन्या पडल्या आणि त्या नव्या वाहिन्यांना पुन्हा त्याच जुन्या शिशाच्या जोडनळ्या जोडण्यात आल्या. खड्डा उघडाच होता, कामगार आणि यंत्रे जागेवर होती; त्याच वेळी जोडनळीही बदलली असती तर आजचे निम्मे दुखणे राहिले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. रस्त्याचे खोदकाम किंवा नळीची दुरुस्ती झाली की पाण्यातील शिसे वाढते, हे केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शिकागोतील घरांचीच पाहणी करून २०१३ साली दाखवून दिले होते. पुढे पाण्याचे नवे मीटर बसविलेल्या काही घरांत शिशाचे प्रमाण वाढल्याचे आढळले आणि २०१९ साली मीटर बसविण्याची योजनाही थांबवावी लागली.

शिशाचे वैशिष्ट्य असे की त्याला रंग, वास किंवा चव काहीही नसते आणि लहान मुलांच्या रक्तात त्याचे सुरक्षित म्हणावे असे प्रमाणच नाही. त्याचा परिणाम बुद्धीवर, एकाग्रतेवर आणि वागण्यावर होतो आणि झालेली हानी भरून येत नाही. २०२४ साली ‘जामा पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की शिकागोतील सहा वर्षांखालील सुमारे ६८ टक्के मुलांच्या घरच्या पाण्यात शिसे असावे. ज्या वस्त्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबे अधिक आहेत तिथे पाणी तपासून घेण्याचे प्रमाण कमी आणि धोका अधिक, असेही त्यात दिसून आले.

आमच्या ओळखीच्या एका मराठी जोडप्याने १९२० च्या दशकातला बंगला विकत घेतला. मुलीच्या बाळंतपणासाठी सांगलीहून आलेल्या त्यांच्या आई रोज सकाळी मोठ्या पातेल्यात पाणी खळखळून उकळून, झाकून, गार करून ठेवत आणि त्याच पाण्यात बाळाची दुधाची पावडर कालवत. एका दुपारी आम्ही तळघरात उतरलो. भिंतीतून आत आलेली, झडपेला जोडताना फुगीर सांधा दिलेली करडी नळी नाण्याच्या कडेने खरवडली, तर खालचा धातू चांदीसारखा चकाकला. लोहचुंबक लावून पाहिले, तो चिकटला नाही. लोखंडाच्या नळीला लोहचुंबक चिकटतो आणि तांब्याची नळी खरवडल्यावर तांबूस दिसते, तेव्हा ही शिशाचीच होती. त्या माउलीची काळजी शंभर टक्के खरी होती आणि रीतही आपल्या घराघरांतली होती. परंतु उकळल्याने जंतू मरतात, शिसे मात्र जसेच्या तसे राहते आणि पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण उलट वाढते. वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटात जवळजवळ केवळ पाणीच जात असल्याने सर्वाधिक धोका त्यालाच असतो.

आता केंद्र सरकारच्या भूमिकेकडे वळते. १९९१ च्या नियमाने पाण्यातील शिशाची कारवाईची पातळी लिटरला १५ मायक्रोग्रॅम ठरविली. तपासलेल्या घरांपैकी दहा टक्क्यांहून अधिक घरांत ती ओलांडली गेली तरच शहरावर पुढील बंधने येत. एवढ्या मोठ्या शिकागोत तीन वर्षांतून एकदा अवघी पन्नास घरे तपासली जात आणि शहर कागदोपत्री उत्तीर्ण होत असे. २०१४ मध्ये शेजारच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात नळाच्या पाण्यात शिसे मिसळल्याचे प्रकरण घडले तेव्हा कुठे देशाचे डोळे उघडले. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात शिशाच्या नळ्यांसाठी १५ अब्ज डॉलर ठेवले गेले. पण हा पैसा पाच वर्षांत साऱ्या राज्यांना वाटायचा होता आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग कर्जाच्या रूपाने होता. ऑक्टोबर २०२४ च्या नव्या नियमाने पातळी १० वर आणली आणि बहुतेक शहरांना दहा वर्षांत सर्व नळ्या बदलण्याचे बंधन घातले. शिकागोला नळ्यांच्या संख्येमुळे सुमारे वीस वर्षांची सवलत मिळते. असे असूनही महापालिकेने जो आराखडा दिला आहे तो वर्षाला सुमारे ८,३०० नळ्यांचा असून त्या हिशेबाने काम २०७६ साली पूर्ण होईल. आज जन्मलेले मूल तोवर पन्नाशीला आलेले असेल. दुसरीकडे, पाणीपुरवठा कंपन्या आणि पालिकांच्या पाणी खात्यांची देशव्यापी संघटना या नियमाविरुद्ध न्यायालयात गेली आहे.

पैसा नाही, हे महापालिकेचे उत्तर मला अर्धेच पटते. न्यू जर्सीतील न्यूअर्क शहराने २०१९ मध्ये काम हाती घेतले आणि तीन वर्षांच्या आत सुमारे २३,००० नळ्या घरमालकाकडून एक डॉलरही न घेता बदलल्या. त्यासाठी एसेक्स काउंटीने १२ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढले आणि घरमालक सापडत नसेल तर भाडेकरूच्या संमतीने काम करता येईल असा ठराव शहराने केला. रस्ता घ्यायचा आणि त्यावरची सर्व घरे एकदम करायची, ही त्यांची पद्धत होती. न्यूअर्क लहान शहर आहे हे मान्य. पण एकेका घराचे अर्ज मागवत बसण्यापेक्षा संपूर्ण गल्ली एकदम करणे शिकागोलाही जमण्यासारखे आहे, आणि २०२३ मध्ये केंद्राने याच कामासाठी शहराला ३३ कोटी ६० लाख डॉलरचे कर्ज मंजूरही केले आहे. ज्या सक्तीमुळे या नळ्या जमिनीत गेल्या ती शहराची होती, तेव्हा त्या काढण्याचा खर्चही शहराने, राज्याने आणि केंद्राने मिळून उचलावा, अशी माझ्यासारख्या करदात्यांची मागणी आहे.

तोवर शिकागोत येणाऱ्या किंवा राहणाऱ्या आपल्या माणसांनी काही गोष्टी अवश्य कराव्यात. पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि बाळाच्या दुधासाठी शिसे काढण्याचे प्रमाणपत्र असलेले गाळणयंत्रच वापरावे. त्यावर एनएसएफ ५३ हा मानकाचा क्रमांक आणि शिशाचा स्पष्ट उल्लेख आहे ना, हे पाहून घ्यावे. गरम पाण्याच्या नळाचे पाणी चहाला किंवा भाताला घेऊ नये, कारण गरम पाण्यात शिसे अधिक विरघळते. रात्रभर नळ बंद राहिला असेल तर सकाळी पाच मिनिटे पाणी सोडून द्यावे. पाणी टाकणे आपल्या मनाला पटत नाही हे मी जाणते. आंघोळ किंवा कपडे धुणे आधी उरकून घेतले म्हणजे ते वाया जात नाही. ३११ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास महापालिका पाणी तपासण्याचा संच विनामूल्य पाठवते, आणि त्यासाठी घर स्वतःच्या मालकीचे असण्याची अट नाही.

परदेशी जाणाऱ्या पालकांसाठी आपण औषधे, विमा आणि सामानाविषयी मार्गदर्शन छापता. त्यात पाण्याविषयीच्या या चार ओळीही उन्हाळी सुट्टीच्या आधी छापाव्यात, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक वाचक, शिकागो